वोरोनेत्सच्या उघड्या भिंती

रोमानियाच्या ईशान्य भागात, कार्पेथियन डोंगरांच्या कुशीत बुकोविना नावाचा प्रदेश आहे. सूचिपर्णी जंगलांनी झाकलेल्या टेकड्या, मधे गवताची कुरणं, उन्हाळ्यात जागोजागी रचलेल्या गवताच्या गंजी आणि लाकडी कुंपणांची खेडी असा हा मुलूख. गुरा हुमोरुलुई या लहान शहरापासून साधारण पाच किलोमीटर आत गेलं की वोरोनेत्स हे खेडं लागतं. तिथे दगडी आवारात एक चर्च उभं आहे. आकाराने ते काही फार मोठं नाही. युरोपातली भव्य कॅथेड्रल पाहून आलेल्या माणसाला ते पहिल्या नजरेत बेताचंच वाटेल. पण जवळ गेलं की लक्षात येतं, या चर्चच्या बाहेरच्या भिंती खालपासून वरपर्यंत चित्रांनी भरलेल्या आहेत आणि ही चित्रं १५४७ सालची आहेत.

चर्चच्या आतल्या भिंती रंगवणं ही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतली फार जुनी रीत आहे. ग्रीस, सर्बिया, बल्गेरिया, रशिया, सगळीकडे ती दिसते. अधूनमधून दरवाजावर किंवा ओसरीत एखादं चित्र बाहेरूनही काढलं जाई. पण अख्खं चर्च बाहेरून चितारायचं, आणि तेही जिथे हिवाळ्यात महिनोन्‌महिने बर्फ पडतो अशा ठिकाणी, हे धाडस एवढ्या प्रमाणावर सोळाव्या शतकातल्या मोल्दाव्हियातच झालं. वोरोनेत्स, हुमोर, मोल्दोवित्सा, आर्बोरे आणि सर्वांत शेवटी सुचेवित्सा ही त्यातली ठळक नावं. युनेस्कोने १९९३ मध्ये अशा सात चर्चना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१० मध्ये सुचेवित्साची भर घातली.

वोरोनेत्स पाहायला जाणाऱ्यांपैकी बरेच जण अर्ध्या तासात फोटो काढून परततात. हे चर्च काही तेवढ्यात कळत नाही. कुठली भिंत आधी पाहायची, तिच्यावर काय आहे, ते तिथेच का आहे आणि ते आजवर राहिलं कसं, हे माहीत असेल तर मात्र तेच आवार एका संकटात सापडलेल्या छोट्या देशाची सगळी गोष्ट सांगू लागतं.

दाराबाहेर थांबलेला राजा

पंधराव्या शतकात मोल्दाव्हिया हे स्वतंत्र संस्थान होतं; आजची बुकोविना त्यातच मोडत असे. उत्तरेला पोलंड, पश्चिमेला हंगेरी आणि दक्षिणेकडून सरकत येणारं ऑटोमन साम्राज्य, अशा तीन बलाढ्य शेजाऱ्यांमधे ते सापडलं होतं. १४५७ ते १५०४ अशी सत्तेचाळीस वर्षं तिथे स्तेफान राज्य करत होता. रोमानियन लोक त्याला ‘थोरला स्तेफान’ म्हणतात. १४७५ मध्ये वास्लुईजवळ त्याने ऑटोमन सैन्याचा दणदणीत पराभव केला. पण पुढच्याच वर्षी खुद्द सुलतान दुसरा मेहमद, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल जिंकणारा सुलतान, चालून आला आणि जुलै १४७६ मध्ये रझबोयेनीच्या लढाईत स्तेफानचं सैन्य उधळलं गेलं.

त्यानंतरची हकिकत इयोन नेकुल्चे या अठराव्या शतकातल्या बखरकाराने लोकांच्या तोंडून ऐकून लिहून ठेवली. हरलेला राजा नेआम्त्स किल्ल्याशी आला, तर त्याच्या आईने दरवाजा उघडला नाही. मग तो वोरोनेत्सला दानिइल नावाच्या एकांतवासी साधूकडे गेला. साधू प्रार्थनेत होता. प्रार्थना संपेपर्यंत बाहेर थांब, असं त्याने राजाला सांगितलं आणि राजा थांबला. मग त्याने साधूपुढे मन मोकळं केलं. आता आपल्याच्याने लढणं होत नाही, मुलूख तुर्कांच्या हवाली करू का, असं विचारलं. दानिइल म्हणाला, तसं करू नकोस, विजय तुझाच आहे. मात्र जिंकलास की इथे संत जॉर्जच्या नावाने मठ बांध.

ही दंतकथा आहे. ती इतिहासाचा पुरावा म्हणून घ्यायची नाही. रझबोयेनीची लढाई आणि मठाची उभारणी यांच्यात बारा वर्षांचं अंतर आहे. पण दानिइल ही काल्पनिक व्यक्ती नव्हे. त्याची कबर याच चर्चमध्ये आहे आणि पुत्नाजवळ खडकात कोरलेली त्याची म्हणून ओळखली जाणारी गुंफा आजही दाखवतात. मठाच्या बांधकामाच्या तारखा तर दगडावर कोरलेल्या आहेत. २६ मे १४८८ रोजी काम सुरू झालं आणि १४ सप्टेंबरला पूर्ण झालं. चार महिन्यांच्या आत दगडी चर्च उभं राहिलं. कारण त्या वेळी मोल्दाव्हियात गवंडी, पाथरवट आणि सुतार यांची तयार फळी होती. स्तेफानने आपल्या कारकिर्दीत इतकी चर्च बांधली, की प्रत्येक लढाईमागे एक, असं लोक म्हणू लागले. रोमानियन ऑर्थोडॉक्स चर्चने १९९२ मध्ये त्याला संत म्हणून जाहीर केलं.

बंद केलेली भिंत

स्तेफानच्या काळात चर्चचं बाहेरचं अंग आजच्यासारखं चितारलेलं नव्हतं. ते काम पुढच्या दोन पिढ्यांत झालं. स्तेफानचा मुलगा पेत्रू रारेश राज्यावर असताना १५३०च्या दशकात बाहेरच्या भिंती रंगवण्याची लाट आली. वोरोनेत्सची पाळी १५४७ मध्ये आली. त्यामागे होता मोल्दाव्हियाचा मेट्रोपॉलिटन, म्हणजे तिथला सर्वोच्च धर्मगुरू, ग्रिगोरे रोश्का. तो पेत्रू रारेशचा नातलग होता आणि वोरोनेत्सवर त्याचा विशेष जीव होता. त्याची कबरही इथेच आहे.

रोश्काने एक महत्त्वाचा निर्णय घेतला. चर्चच्या पश्चिमेला त्याने आणखी एक दालन जोडलं. हुमोर किंवा मोल्दोवित्साला अशी ओसरी कमानींनी उघडी आहे. रोश्काने मात्र ती बंद ठेवली आणि दारं उत्तर-दक्षिण बाजूंना दिली. त्यामुळे पश्चिमेची भिंत दार नाही, खिडकी नाही अशी एकसंध उरली. चित्रकाराला हवा तेवढा मोठा, अखंड पृष्ठभाग मिळाला. तिथे त्याने ‘अंतिम न्याय’ काढला. दक्षिणेच्या दाराशेजारी भिंतीवर दानिइल आणि रोश्का दोघेही उभे आहेत. एकाच्या सल्ल्याने मठ झाला असं लोक मानतात, दुसऱ्याच्या आज्ञेने तो रंगला.

ऑर्थोडॉक्स चर्चची वेदी पूर्वेला असते. उगवत्या सूर्याची दिशा ही पुनरुत्थानाची दिशा मानली जाते. म्हणून मावळतीची भिंत ही शेवटाची, हिशेबाची भिंत ठरते. वोरोनेत्सच्या चित्रांची मांडणी दिशांच्या या हिशेबाने झाली आहे. त्यामुळे पाहणाऱ्यानेही चर्चभोवती सावकाश फेरी मारावी, म्हणजे चित्रांचा क्रम आपोआप उलगडतो.

पश्चिम: शेवटचा दिवस

सगळ्यात वर देवदूत आकाश गुंडाळत आहेत. आकाशाची ही लांब पट्टी एखाद्या कागदी गुंडाळीसारखी आहे आणि तिच्यावर बारा राशींची चिन्हं आहेत. मेष, वृषभ, मिथुन ओळखू येतात. राशी म्हणजे वर्षाचं चक्र, म्हणजे काळ. तोच आता आवरता घेतला जातो आहे. त्याखाली न्यायासनावर ख्रिस्त, त्याच्या दोन्ही बाजूंना विनवणी करणारी मरिया आणि बाप्तिस्मा देणारा योहान आणि रांगेने बसलेले प्रेषित. ख्रिस्ताच्या पायापासून एक लाल नदी निघते आणि रुंदावत खाली उजव्या कोपऱ्यात नरकात जाऊन मिळते. ही अग्नीची नदी. भिंतीवर नजर टाकली की निळ्या पार्श्वभूमीवरचा हा लाल पट्टा सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो.

मधे तराजू आहे. एका बाजूला देवदूत, दुसऱ्या बाजूला पारडं आपल्याकडे झुकवू पाहणारे सैतान. डाव्या हाताला पीटर किल्ली घेऊन स्वर्गाच्या दाराशी आहे आणि त्याच्यामागे पुण्यवंतांची दाटी झाली आहे. खाली पृथ्वी आणि समुद्र आपापले मृत परत करत आहेत. कबरी उघडत आहेत, लाटांतून माणसं वर येत आहेत. जंगली जनावरं आपण खाल्लेल्या माणसांचे अवयव तोंडात धरून आणत आहेत, कोणाच्या तोंडात हात, कोणाच्या तोंडात पाय. सिंह, अस्वल, सगळे देणेकरी. त्यांच्यात एक हरीण आहे. त्याच्या तोंडात काही नाही, कारण त्याने कोणाचं काही घेतलेलं नाही. एवढ्या मोठ्या चित्रात हे हरीण शोधून काढावंच. न्यायाची अख्खी कल्पना चित्रकाराने त्या एका रिकाम्या तोंडात सांगितली आहे.

आता तपशिलाकडे जवळून पाहू. मेलेल्यांना उठवण्यासाठी देवदूत जे वाद्य फुंकत आहेत ते बायबलमधल्या कर्ण्यासारखं नाही. ते लांबलचक ‘बुचुम’ आहे, कार्पेथियन डोंगरांतले मेंढपाळ आजही वाजवतात ते लाकडी शिंग. पुण्यवंतांचे आत्मे ज्या कापडात गुंडाळले आहेत, ती कापडं मोल्दाव्हियातल्या घरोघरच्या भरतकाम केलेल्या टॉवेलांची आहेत. म्हणजे चित्रकाराला बायझंटिन परंपरेचे सगळे नियम ठाऊक होते, तरीही शेवटचा दिवस येईल तो आपल्याच डोंगरात, आपल्याच वाद्याच्या आवाजाने, हे त्याने ठरवून टाकलं होतं.

या भिंतीवर त्या काळाची भीती आहे, तसा त्या काळाचा पूर्वग्रहही आहे. ख्रिस्ताच्या डाव्या बाजूला मोझेस काही जनसमूहांना न्यायासनाकडे बोट दाखवून खडसावतो आहे. त्यांत ज्यू आहेत, पागोटेवाले तुर्क आहेत, तातार आहेत, आर्मेनियन आणि रोमच्या पंथाचे ख्रिस्तीही आहेत. जो आपल्या पंथाचा नाही तो दोषी, असा हा सरळ हिशेब आहे. तो आज मान्य करता येत नाही आणि चित्र सुंदर आहे म्हणून त्याकडे डोळेझाक करणंही बरोबर नाही. इतिहासाने मात्र या हिशेबाला विलक्षण उत्तर दिलं. १५४७ मध्ये ही भिंत रंगली तेव्हा गादीवर होता पेत्रू रारेशचा मुलगा इलियाश. चारच वर्षांनी, १५५१ मध्ये, त्याने सिंहासन सोडलं, इस्लाम स्वीकारला आणि सुलतानाची चाकरी पत्करली. ज्याच्या राज्यात तुर्कांना दोषींच्या रांगेत उभं केलं गेलं, तो राजा स्वतःच त्यांच्यात जाऊन मिळाला.

दक्षिण, पूर्व, उत्तर

दक्षिणेच्या भिंतीवर ‘इशायाचं झाड’ आहे. इशाय हा राजा दाविदाचा बाप. तो खाली आडवा झोपला आहे आणि त्याच्या अंगातून उगवलेली वेल भिंतभर पसरली आहे. वेलीच्या प्रत्येक वळणात कोणीतरी आहे, राजे, संदेष्टे, आणि त्या सगळ्यांतून चढत चढत मरिया आणि ख्रिस्त. सुमारे शंभर आकृत्या आहेत. या वेलीच्या कडेला ग्रीक तत्त्वज्ञही उभे आहेत, प्लेटो आणि ॲरिस्टॉटलसारखे. ख्रिस्तापूर्वी होऊन गेलेल्या या बिगरख्रिस्ती विचारवंतांना चर्चच्या भिंतीवर मान मिळाला, कारण सत्याची चाहूल त्यांनाही लागली होती, असं त्या परंपरेत मानत. पश्चिमेच्या भिंतीवर दार लावून घेणारा हाच चित्रकार दक्षिणेला ते उघडतो, हे दोन्ही एकत्र पाहायला हवं.

त्याच बाजूला, दाराजवळ, संत योहान नवा याची हकिकत खंडाखंडांत चितारली आहे. हा त्रेबिझोंदचा व्यापारी. धर्म सोडायला नकार दिला म्हणून काळ्या समुद्राकाठच्या चेतातिया आल्बा इथे त्याचा छळ करून त्याला मारण्यात आलं. त्याचे अवशेष पुढे सुचावा इथे आणले गेले आणि तो मोल्दाव्हियाचा रक्षक संत ठरला. चेतातिया आल्बा हे बंदर १४८४ मध्ये, म्हणजे मठ बांधण्याच्या चारच वर्षं आधी, ऑटोमनांनी जिंकून घेतलं होतं. तेव्हाच्या लोकांना भिंतीवरचं ते शहर पाहून काय वाटत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

पूर्वेला वेदीमागच्या अर्धगोल भिंतीवर संतांच्या रांगा एकावर एक उभ्या आहेत. देवदूत, संदेष्टे, प्रेषित, धर्मगुरू, हुतात्मे, वनवासी साधू, प्रत्येकाची रांग वेगळी. पण सगळे एकाच दिशेला निघाले आहेत, भिंतीच्या मधोमध, नेमकी आत जिथे वेदी आहे तिकडे. आत जी प्रार्थना चालते तिला बाहेरून सगळा स्वर्ग सामील झाला आहे, असा त्याचा अर्थ.

उत्तरेच्या भिंतीचं बरंच नुकसान झालं आहे. वारा आणि पाऊस या बाजूने जास्त झोडपतात, त्यामुळे खालचा बराच भाग गेला. वरच्या पट्ट्यात मात्र सृष्टीच्या उत्पत्तीची चित्रं दिसतात आणि त्यांत बायबलमध्ये नसलेली एक कथा आहे. स्वर्गातून हाकलला गेलेला आदाम जमीन नांगरू लागतो. तेव्हा सैतान येऊन म्हणतो, जमीन माझी आहे, कसायची तर करार लिहून दे. आदाम लिहून देतो. शेतसारा, वेठ आणि कर्जाचे कागद माहीत असलेल्या शेतकऱ्यांना ही कथा समजावून सांगायची गरजच पडली नसणार.

ही चित्रं बाहेर का?

याचं नेहमीचं उत्तर असं, की लोक निरक्षर होते, त्यांना धर्म शिकवायला चित्रं काढली. ते बऱ्याच अंशी खरं आहे. तेव्हा चर्चची भाषा स्लाव्होनिक होती. सामान्य माणसं रोमानियन बोलत. उपासना त्यांच्या कानावर पडे, पण समजत नसे. चर्च लहान असल्याने सणावाराला निम्मे लोक अंगणातच उभे राहत. अशा माणसाच्या डोळ्यांपुढे भिंत होती.

तरी एवढ्याने सगळं स्पष्ट होत नाही. ग्रीक तत्त्वज्ञ खेड्यातल्या माणसाला कशाला? जी चित्रं वळचणीखाली इतक्या उंचावर आहेत की धड दिसतही नाहीत, ती कोणासाठी? सोरिन उलेया या रोमानियन कला-इतिहासकाराने १९६०च्या दशकात असं मांडलं, की ही चित्रं म्हणजे ऑटोमन संकटापुढे केलेली राष्ट्राची सामुदायिक प्रार्थना आहे. मोल्दोवित्साच्या भिंतीवर याचा ठळक आधार सापडतो. १५३७ च्या या चित्रात कॉन्स्टँटिनोपलला वेढा पडला आहे आणि शहराच्या तटावर मरियेची प्रतिमा घेऊन मिरवणूक निघाली आहे. मुळात ही घटना इसवी सन ६२६ ची, जेव्हा पर्शियन आणि अवार सैन्यांच्या वेढ्यातून शहर सुटलं. पण चित्रातल्या शत्रूंच्या डोक्यावर तुर्की पागोटी आहेत आणि हाताशी तोफा आहेत. १४५३ मध्ये शहर पडलं, हे चित्रकाराला पुरतं माहीत होतं. तरी त्याने सुटकेचंच चित्र काढलं, कारण जे एकदा घडलं ते आपल्या वाट्याला पुन्हा यावं, हे मागणं होतं. पुढच्याच वर्षी, १५३८ मध्ये, सुलतान सुलेमान मोल्दाव्हियावर चालून आला आणि पेत्रू रारेशला पळ काढावा लागला.

शिकवण आणि प्रार्थना ही दोन्ही उत्तरं एकत्र घेतली, तर चित्रं बाहेर असण्याचा अर्थ लागतो. आत जे असतं ते आत येणाऱ्यांचं. बाहेरच्या भिंतीवरचं चित्र शेतावर जाणाऱ्याचं, वाटसरूचं, रखवालदाराचं, लढाईहून परतलेल्या शिपायाचं. वोरोनेत्सला अनेकदा ‘पूर्वेचं सिस्टिन चॅपल’ म्हणतात. मायकेलअँजेलोचा ‘अंतिम न्याय’ १५४१ मध्ये, म्हणजे सहाच वर्षं आधी पूर्ण झाला, त्यामुळे ही उपमा सुचते. पण तो पोपच्या खासगी उपासनागृहात आहे. वोरोनेत्सचा न्याय मोकळ्या आकाशाखाली आहे आणि तो पाहायला कोणाची परवानगी लागत नसे. उपमा देताना हा मोठा फरक झाकला जातो.

चुना, तंतू आणि छप्पर

पावणेपाचशे वर्षं बर्फ-पावसात ही चित्रं राहिली कशी? याच्या पाठीमागे आधी रसायन आहे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेले रंग लावायचे, ही फ्रेस्कोची पद्धत. विरवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो. तो घट्ट होताना रंगाचे कण स्फटिकांत अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर बसत नाही, भिंतीचाच होतो. मात्र गिलावा सुकायच्या आत हात चालला पाहिजे. चूक झाली तर तेवढा गिलावा खरवडून पुन्हा करण्यावाचून गत्यंतर नसतं. बुकोविनातले कारागीर चुन्यात अंबाडीसारख्या हेंप झाडाचे बारीक तंतू मिसळत. त्यामुळे गिलाव्याला तडे कमी जात आणि ओल अधिक वेळ धरून राहत असल्याने चित्रकाराला सवड मिळे. याच झाडाचे तंतू वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यातही संशोधकांना सापडले आहेत. हजारो कोसांवरच्या कारागिरांना एकाच झाडाचा गुण कळला होता.

वोरोनेत्सचा निळा रंग जगभर गाजला आहे. त्याची कृती साधूंबरोबर नाहीशी झाली, असं पर्यटकांना हमखास सांगितलं जातं. परीक्षणात मात्र हा रंग ॲझुराइट असल्याचं दिसून आलं आहे. ॲझुराइट म्हणजे तांब्याच्या खाणीत सापडणारं निळं खनिज. ते बारीक दळलं तर फिकट होतं, जाडसर ठेवलं तर गडद निळं दिसतं. खरं कसब त्याच्या निवडीत, दळण्यात आणि लावण्यात होतं. रंग गूढ नाही म्हणून तो कमी थोर ठरत नाही. उलट एका माणसाच्या हाताने एवढं साधलं, हे अधिक मोठं आहे.

दुसरं कारण छप्पर. चर्चवर लाकडी फळ्यांच्या खापऱ्यांचं उतरतं, भिंतींच्या बरंच बाहेर आलेलं छप्पर आहे. पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात, थेट पाऊस वरच्या चित्रांना लागत नाही. जिथे ही सावली पोचत नाही, तिथे, म्हणजे भिंतीच्या तळाशी आणि उत्तरेला, चित्रं गेली आहेत. छपराचं लाकूड मात्र चित्राइतकं टिकत नाही. ते कुजतं आणि दर काही दशकांनी बदलावं लागतं. चित्रकाराचं काम एकदा झालं. सुताराचं काम पिढ्यान्‌पिढ्या चालू राहिलं, म्हणून चित्रकाराचं काम उरलं.

साधूंवाचून दोनशे वर्षं

१७७५ मध्ये बुकोविना ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग साम्राज्यात गेली. सम्राट दुसरा जोसेफ याच्या धोरणानुसार अनेक मठ बंद झाले. १७८५ मध्ये वोरोनेत्सचा मठही बरखास्त झाला. साधू गेले, त्यांच्या खोल्या गेल्या, उरलं ते चर्च आणि घंटामनोरा. पण गावकरी इथे बारशी, लग्नं, अंत्यविधी करत राहिले, म्हणून ही इमारत ओस पडली नाही. याच मठात १८७१ मध्ये एक जुनं हस्तलिखित सापडलं. ‘प्रेषितांची कृत्ये’ या बायबलच्या भागाचा तो सोळाव्या शतकातला रोमानियन अनुवाद. रोमानियन भाषेतल्या सर्वांत जुन्या ग्रंथांत त्याची गणना होते. लोकांना न कळणाऱ्या भाषेत उपासना चालत असताना, कोणीतरी लोकांच्या भाषेत धर्मग्रंथ उतरवून घेत होतं.

कम्युनिस्ट राजवट संपल्यावर, १९९१ मध्ये, मठ पुन्हा सुरू झाला, या वेळी स्त्रियांचा. आज तिथे काळ्या वेषातल्या नन राहतात, बागा राखतात, उपासना चालवतात. उपासनेची वेळ झाली की एक नन लांब लाकडी फळी खांद्यावर घेऊन चर्चभोवती फिरत लहान हातोडीने तिच्यावर ताल धरते. हे ‘तोआका’. सुरुवातीला ठोके सावकाश पडतात, मग चढत जातात आणि सगळ्या आवारात घुमतात. ऑटोमन सत्तेखालच्या अनेक प्रदेशांत घंटा वाजवायला बंदी होती, तिथे उपासनेची हाक याच फळीने दिली.

गेल्यावर

आत जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. स्त्रिया डोक्यावर रुमाल घेतात. आत फोटो काढत नाहीत. मेणबत्त्या आत न लावता बाहेरच्या पत्र्याच्या खोक्यांत लावायच्या असतात आणि खोकी दोन असतात, एक जिवंतांसाठी, एक मृतांसाठी. लोक आपल्या माणसांची नावं कागदावर लिहून देतात आणि ती उपासनेत वाचली जातात. आतल्या भिंतीवर थोरला स्तेफान, त्याची पत्नी मरिया वोइकित्सा आणि मुलगा बोग्दान दिसतात. स्तेफानच्या हातात या चर्चची छोटी प्रतिकृती आहे आणि तो ती ख्रिस्ताला अर्पण करतो आहे. बहुतेक वेळा बसायला बाकं नसतात. ऑर्थोडॉक्स उपासना उभ्यानेच होते. पाहुण्याने मागे, बाजूला शांत उभं राहिलं तर कोणी हटकत नाही.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर पाहावी. मावळतीचं ऊन थेट अंगावर आलं की निळा रंग उजळतो. शक्य असेल तर आणखी एक-दोन दिवस काढावेत. गुरा हुमोरुलुईपासून जवळच असलेलं हुमोर १५३० मध्ये तोआदेर बुबुयोग या दरबारी अधिकाऱ्याने बांधलं. त्याच्या लालसर भिंतींवर तोमा नावाच्या चित्रकाराचं काम आहे. मोल्दोवित्साचा वेढा पाहिल्याशिवाय वोरोनेत्स पूर्ण कळत नाही. सुचेवित्साला किल्ल्यासारखे बुरूज आहेत आणि भिंतीवर संत योहान क्लिमाकसची तीस पायऱ्यांची शिडी आहे. एका बाजूला शिस्तीने उभे देवदूत, दुसरीकडे खाली ओढणारे सैतान. तिथली पश्चिमेची भिंत कोरी आहे. चित्रकार परांचीवरून पडून मेला म्हणून ती तशीच ठेवली, असं तिथले लोक सांगतात.

उत्तरेच्या भिंतीजवळ गेलं की चित्रांवर खिळ्याने खरवडलेली नावं आणि वर्षं दिसतात. पाऊस, ऊन, बर्फ यांनी जे सोडलं होतं, ते आपल्यासारख्या पाहुण्यांनी ओरबाडलं. म्हणून वोरोनेत्सला जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी पक्की करून जावी. हे चर्च कोणा एका राजाच्या किंवा चित्रकाराच्या पुण्याईवर टिकलेलं नाही. चुना कालवणाऱ्याने टिकवलं, छपराची फळी बदलणाऱ्या सुताराने टिकवलं, मठ बंद असताना मुलांचे बाप्तिस्मे इथेच करणाऱ्या गावाने टिकवलं. पाहुणा म्हणून आपल्या वाट्याला त्यातलं अगदी थोडं काम येतं, भिंतीला हात न लावण्याचं आणि नीट वेळ देऊन पाहण्याचं. तेवढं प्रत्येकाने केलं, तर आणखी पाचशे वर्षांनी येणाऱ्यालाही ते रिकाम्या तोंडाचं हरीण सापडेल.